अवघड ओळी सोडून वाजवण्याची शिस्त : तंतुवाद्यवृंदातील हौशी वादकांसाठी

तंतुवाद्यवृंदात मागच्या रांगेत बसणाऱ्या हौशी व्हायोलिनवादकापुढे प्रत्येक कार्यक्रमात अशा दहा-बारा जागा येतातच, ज्या त्याला ठरलेल्या लयीत पूर्ण वाजवता येणार नसतात. त्या जागी काय करायचे हे आधी न ठरवल्यामुळे पुढे जे घडते ते तालमीला जाणाऱ्या प्रत्येकाच्या परिचयाचे आहे. कोणी सगळे स्वर वाजवायच्या हट्टापायी अर्धी मात्रा मागे पडतो, कोणी गज मांडीवर ठेवून मोकळा बसतो, आणि कोणी सर्व वृंद थांबलेला असताना एकटाच वाजून जातो. या तिन्ही चुका अवघड स्वर न आल्यामुळे होत नाहीत. कोणते स्वर सोडायचे याचा निर्णय रंगमंचावर, वाजवता वाजवता घेतल्यामुळे होतात.

सिंधुदुर्गातील डबलबारीच्या भजनाला बसलेल्यांना ही युक्ती वेगळी समजावून सांगावी लागत नाही. कोरसमधील ज्या गृहस्थाला अभंगाची ओळ पाठ नसते, तो ओळीचा शेवटचा शब्द तेवढा नेमका समेवर म्हणतो आणि हातातली झांज मात्र एकदाही चुकवत नाही. वाद्यवृंदातही हेच करायचे असते, फक्त झांजेच्या जागी गज असतो. न येणारे स्वर गाळून लय तेवढी राखायची, या युक्तीलाच पुढे सोंग म्हटले आहे. पुढील टप्पे व्हायोलिन गृहीत धरून लिहिले आहेत. व्हिओला आणि चेलो वाजवणाऱ्यांना ते किरकोळ फरकाने लागू पडतात.

सुरुवातीआधी : सोंग कोठे चालते आणि कोठे नाही

एका ओळीवर एकच वादक असेल, तर स्वर सोडण्याचा प्रश्नच येत नाही. चौघांच्या क्वार्टेटमध्ये, परीक्षेत, निवड चाचणीत किंवा एकल वादनात सोडलेला स्वर म्हणजे सरळ सरळ चुकलेला स्वर. हा मार्ग फक्त तेथेच वापरावा, जेथे तीच ओळ तुमच्याबरोबर आणखी किमान तीन-चार जण वाजवत आहेत.

कोकणातील हौशी वृंदांची अडचण येथेच सुरू होते. रत्नागिरी, कुडाळ, सावंतवाडी, पणजी अशा गावांतून रविवारच्या गाडीने जमणाऱ्या मंडळींत सेकंड व्हायोलिनला (व्हायोलिनच्या फर्स्ट आणि सेकंड अशा दोन गटांपैकी दुसऱ्याला) पाच माणसे असली तरी पुष्कळ झाले, आणि त्यातले दोघे दहावीच्या क्लासमुळे दर पंधरा दिवसांनी गैरहजर असतात. उरलेल्या तिघांनी एकच जागा सोडली, तर ती ओळ रचनेतून नाहीशीच होते. म्हणून सोंगाचा हिशेब एकट्याने न मांडता रांगेने मिळून मांडावा. माझ्या मते कोणत्याही अवघड जागी रांगेतील निम्म्याहून अधिक वादक पूर्ण ओळ वाजवत असले पाहिजेत. तेवढे नसतील, तर ओळ वाटून घ्यावी. ती कशी वाटायची, हे सातव्या टप्प्यात दिले आहे.

वाद्याची तयारीही याच वेळी करावी. पावसाळ्यातील दमट हवेत गजाचे केस लांबतात, स्क्रू पूर्ण फिरवूनही गज हवा तसा ताणला जात नाही, आणि खुंट्या फुगून घट्ट बसतात.  ढिला गज हाताला नीट आवरत नाही, आणि सोंगात तर हलक्या हाताचेच काम अधिक असते. ऑगस्टमध्ये केस ताणले जात नसतील, तर डिसेंबरच्या कार्यक्रमाची वाट न पाहता ते बदलून घ्यावेत. वाजवून झाल्यावर गज सैल करावा आणि पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवून त्या वेळोवेळी बदलाव्यात.

1. पार्टची छाननी

पार्ट, म्हणजे फक्त आपल्या वाद्याच्या ओळीची स्वरलिपी, हातात आल्यावर पहिले दोन दिवस वाद्याला हात लावू नये. मोझार्ट, ग्रीग, चायकोव्हस्की यांसारख्यांच्या रचना स्वामित्वहक्कातून मुक्त झालेल्या असल्यामुळे त्यांची पूर्ण स्वरलिपी, म्हणजे सर्व वाद्यांच्या ओळी एकाखाली एक असलेला स्कोअर, आयएमएसएलपी या संकेतस्थळावर मिळते. तो समोर ठेवून रचना दोन वेळा ऐकावी आणि आपल्या पार्टमधील प्रत्येक अवघड जागी एकच प्रश्न विचारावा : या क्षणी हीच ओळ आणखी कोण वाजवत आहे?

फर्स्ट व्हायोलिन तीच ओळ वरच्या सप्तकात वाजवत असतील आणि खाली चेलो-बेसचा ठेका दणदणीत असेल, तर ती जागा झाकलेली आहे. बाकीचे सगळे लांब स्वर धरून बसले असतील आणि धावती ओळ फक्त सेकंड व्हायोलिनलाच असेल, तर ती उघडी जागा आहे. बहुतेक जण अवघडपणा लयीवरून मोजतात, त्यामुळे येथेच फसतात. जोरकस, वेगवान जागा दिसायला भयंकर असते, पण सहसा झाकलेली असते. चार बारांची (बार म्हणजे स्वरलिपीतील दोन उभ्या रेघांमधला भाग) हळू, मंद आवाजातली, वरच्या पोझिशनमधली (डावा हात घोडीकडे सरकवून वाजवायची) ओळ कागदावर निरुपद्रवी दिसते आणि कार्यक्रमात घात करते. घरी सरावाला असलेला मर्यादित वेळ आधी उघड्या जागांना द्यावा.

त्यानंतर मेट्रोनोम (ठरावीक लयीत टिकटिकणारे यंत्र) लावून प्रत्येक जागेची प्रत ठरवावी. ठरलेल्या लयीत सलग तीन वेळा स्वच्छ आली तर ती पहिल्या प्रतीची. पाऊणपट लयीत आली तर दुसऱ्या प्रतीची, म्हणजे सरावाने जमण्यासारखी. पाऊणपट लयीतही मोडत असेल, तर ती तिसऱ्या प्रतीची समजावी आणि तिचा सांगाडा, म्हणजे तिच्यातले मोजके मुख्य स्वर, काढायला घ्यावा.

तपासणी : तिसऱ्या प्रतीच्या जागा पूर्ण पार्टच्या चौथ्या हिश्शाहून अधिक निघाल्या, तर या कार्यक्रमात तुम्ही वाजवावे की नाही, याचाच विचार लीडरबरोबर (रांगेच्या प्रमुख वादकाबरोबर) बसून करावा. एवढे सोंग कोणालाच पेलत नाही.

2. सांगाडा काढणे

सर्वाधिक चुका याच टप्प्यात होतात, त्यामुळे येथे घाई करू नये.

एका मात्रेत चार स्वर असलेली, जी मेजरमधील एक चढती ओळ घेऊ. जी हा षड्ज मानला तर ती अशी आहे : सा रे ग म, रे ग म प, ग म प ध, म प ध नि, आणि शेवटी वरचा सां. मिनिटाला 120 मात्रांच्या लयीत सेकंदाला आठ स्वर वाजतात. एवढ्या वेगात सहा-सात व्हायोलिनांच्या रांगेतून श्रोत्याला मात्रेचा पहिला स्वर, ओळीची एकूण चढती दिशा आणि शेवटी गाठलेला सां या तीन गोष्टी ठळक ऐकू येतात. मधल्या स्वरांची एक सळसळ तेवढी जाणवते आणि ती निर्माण करायला रांगेतले पूर्ण वाजवणारे पुरेसे असतात.

म्हणून मऊ पेन्सिलने प्रत्येक मात्रेच्या पहिल्या स्वराभोवती वर्तुळ करावे आणि शेवटच्या सां भोवती दोन वर्तुळे करावीत. उरलेल्या स्वरांवर काट मारू नये. पुढे तेच स्वर परत मिळवायचे आहेत.

यापुढची पायरी बहुतेकांना ठाऊक नसते. सा वाजवून तीन स्वर गप्प बसणे आणि मग रे वाजवणे हा चुकीचा सांगाडा आहे, कारण त्यात गज थांबतो आणि शेजारचे सगळे गज हलत असताना तुमचा एकटा स्थिर दिसतो. बरोबर सांगाडा असा असतो : सा सा सा सा, रे रे रे रे, ग ग ग ग, म म म म, सां. उजवा हात प्रत्येक स्वराला एक असे चारही गज मारतो आणि डावा हात मात्रेत एकदाच बदलतो. उजवा हात रांगेबरोबर तंतोतंत खरा राहतो, सोंग एवढे डाव्याच हाताचे असते. रांगेच्या सळसळीत हे पुनरुक्त स्वर मिसळून जातात, कारण ते त्या मात्रेचे स्वतःचेच स्वर असतात.

ओळ मिंडीसारखी एकाच गजात बांधलेली असेल, म्हणजे वर स्लरची कमान असेल, तर हा उपाय चालत नाही. तेथे चार वेगळे गज ऐकूही येतील आणि दिसतीलही. अशा वेळी पहिला स्वर स्पष्ट घ्यावा, गजाचा दाब लगेच कमी करावा, मधल्या स्वरांतून बोटे जमेल तशी पुढे न्यावीत, आणि शेवटचा स्वर ठरल्या क्षणी पुन्हा दाबाने घ्यावा. शेवटचा स्वर हुकणार असे वाटत असेल, तर मधले सगळे सोडून त्याच्यावर आधीच बोट ठेवून थांबावे.

सावधान : सांगाड्यातला स्वर कधीही लवकर येऊ देऊ नये. हाताला काम कमी उरले की मन सैल होते आणि पुढची मात्रा घाईने पडते. स्वर सोडणारे वादक रखडत नाहीत, ते पळतात. सांगाड्याचा सराव मेट्रोनोमशिवाय कधीच करू नये.

3. उजवा हात : दिशा, भाग आणि लांबी

गजाच्या तीन गोष्टी रांगेबरोबर जुळल्या पाहिजेत : तो खाली जातो आहे की वर, तो टोकाशी आहे, मध्यावर आहे की मुठीजवळ, आणि एका स्वराला किती लांबीचा खर्च होतो आहे. दिशा सगळेच जुळवतात. भाग आणि लांबी यांकडे दुर्लक्ष होते, आणि नेमके तेच कंडक्टरला समोरून दिसते. सगळी रांग मधल्या चार बोटांएवढ्या भागात वाजवत असताना एकाचाच गज मुठीपासून टोकापर्यंत धावत असेल, तर आवाज न करताही तो सापडतो.

दिशेचे गणित एकदा समजून घ्यावे. मात्रेत चार गज असतील तर प्रत्येक मात्रा खालच्या गजानेच सुरू होते, त्यामुळे मध्ये एखादा गज चुकला तर पुढच्या मात्रेला खाली आणून तो सावरता येतो. मात्रेत तीन गज असतील तर दिशा प्रत्येक मात्रेला उलटते. ग्रीग यांच्या ‘होल्बर्ग सूट’मधील (ओपस 40) पहिल्या भागात घोड्याच्या टापांसारखी एक लांब, दोन आखूड अशी लयबंदिश सतत चालते. ती सुट्या गजांनी वाजवली तर पहिली मात्रा खाली-वर-खाली आणि दुसरी वर-खाली-वर अशी पडते. येथे एक गज गाळला की पुढचे सगळे उलटे पडतात आणि चूक आपोआप सुधारत नाही. अशा रचनेत डाव्या हाताने हवे तेवढे सोडावे, पण उजव्या हाताने एकही गज सोडू नये. अडखळलात, तर पुढच्या स्टँडवरच्या वादकाच्या गजाकडे पाहून त्याच्या दिशेने मिसळावे.

तपासणी : मोबाइल उजव्या बाजूला, खांद्याच्या उंचीवर ठेवून आवाज बंद करून चित्रीकरण करावे. आवाज नसतानाही लय हातावरून मोजता आली पाहिजे. येत नसेल, तर सोंग वठलेले नाही.

4. मुका गज

सांगाडाही जमणार नाही अशा एक-दोन जागा तरीही उरतात. तेथे गज हलता ठेवून आवाज बंद करायचा असतो. आमच्याकडे त्याला मुका गज म्हणतात. तो दोन प्रकारे करता येतो आणि दोन्हींत धोके आहेत.

पहिल्या प्रकारात गज तारेवरून जेमतेम उचलून हवेत चालवतात. दिसायला हे उत्तम असते, पण गज हवेत असला की मनगट ताठ होते, आणि दोन-तीन बारांनंतर तो नकळत खाली येऊन मोकळ्या ई तारेला लागतो. ती तार शिट्टीसारखी वाजते आणि शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाते. त्यामुळे गज ए आणि डी या मधल्या तारांच्या वर धरावा, ई तारेच्या वर कधीही नव्हे, आणि हवेतला गज चार बारांहून जास्त चालवू नये.

दुसरा प्रकार मला अधिक सुरक्षित वाटतो. गज तारेवरच ठेवावा, पण घोडीपासून दूर, बोटपट्टीच्या कडेवर न्यावा आणि त्याचे वजन हाताने पेलून धरावे. त्याच वेळी डाव्या हाताची दोन-तीन बोटे तारेवर सपाट, न दाबता ठेवावीत. तार मुकी होते आणि केसांचा पुसट घास तेवढा ऐकू येतो, जो रांगेच्या आवाजात विरून जातो.

येथे एकच बोट ठेवण्याची चूक अनेक जण करतात. तारेच्या लांबीच्या निम्म्यावर, तिसऱ्या हिश्शावर किंवा चौथ्या हिश्शावर बोट हलके टेकले, तर तार मुकी होण्याऐवजी हार्मोनिक (शिट्टीसारखा उंच सूर) वाजते. पहिल्या पोझिशनमध्ये तिसरे बोट नेहमी पडते ती जागा बरोबर चौथ्या हिश्शाची आहे, आणि तेथे हलके टेकलेले बोट मोकळ्या तारेच्या दोन सप्तके वरचा सूर काढते. मी हे प्रथम एका हळुवार भागात अनुभवले. मला वाटले फर्स्ट व्हायोलिनमधील कोणीतरी चुकले, म्हणून मी त्या दिशेला रोखून पाहिले, आणि तेवढ्यात स्टँडवर माझ्या शेजारी बसणारी मालवणची मुलगी हळूच म्हणाली, “काका, तां तुमचाच.”

सावधान : पिझिकाटोला मुका गज नसतो. बोटाने छेडलेला स्वर एका बिंदूवर पडतो आणि अर्धा क्षण मागेपुढे झाला तरी उठून दिसतो. ब्रिटन यांच्या ‘सिंपल सिंफनी’चा दुसरा भाग पूर्ण पिझिकाटोत आहे, तेथे जो स्वर खात्रीने येणार नाही तो छेडूच नये, बोट तारेजवळ नेऊन परत घ्यावे. छेडलेल्या चुकीपेक्षा न छेडलेला स्वर केव्हाही बरा.

5. डावा हात : कोणते स्वर आधी सोडावेत

सोडायचा एक क्रम ठरवून ठेवला, तर प्रत्येक ठिकाणी नव्याने विचार करावा लागत नाही. सर्वांत आधी कणस्वर, म्हणजे ग्रेस नोट्स सोडाव्यात. मग ट्रिल, म्हणजे शेजारच्या स्वराशी केलेली वेगवान अदलाबदल, सोडून मूळ स्वर सरळ धरावा. जोडस्वरांपैकी एकच घ्यावा. मात्र पार्टवर ‘दिव्हिझी’ लिहिले असेल, तर स्वर मुळातच दोघांत वाटलेले असतात. अशा वेळी प्रथेप्रमाणे श्रोत्यांच्या बाजूचा वादक वरचा आणि आतल्या बाजूचा खालचा स्वर घेतो. तेथे सोंगाची गरजच नसते, तरी कित्येक जण दोन्ही स्वर वाजवायच्या खटपटीत हात आखडून घेतात.

फार वरच्या पोझिशनमधील ओळ एक सप्तक खाली वाजवण्याचा मोह टाळावा. खालच्या सप्तकात बहुधा व्हिओला वाजत असतात आणि तुमचा स्वर त्यांच्या ओळीत घुसतो. वरचे स्वर येत नसतील तर पहिला आणि शेवटचा घ्यावा, मध्ये मुका गज चालवावा.

ट्रेमोलोत, म्हणजे एकच स्वर गजाच्या वेगवान थरथरीने वाजवताना, मात्र काहीही सोडावे लागत नाही. मोजमाप नसलेल्या ट्रेमोलोत उजव्या हाताची थरथर प्रत्येकाची वेगळी असली तरी चालते. स्वर कधी बदलतो तो क्षण तेवढा अचूक पाहिजे. विवाल्दी यांच्या ‘समर’चा शेवटचा वादळी भाग ऐकून घाबरणाऱ्यांनी पार्ट उघडून पाहावा. त्यातल्या बऱ्याच धावत्या जागा एकाच स्वराच्या वेगवान पुनरुक्तीच्या आहेत, त्यांत डाव्या हाताला फारसे काम नसते. खऱ्या अवघड आहेत त्या झपाट्याने उतरणाऱ्या सरगमी, आणि त्यांना दुसऱ्या टप्प्यातला सांगाडा लागू पडतो.

6. विराम आणि प्रवेश

विरामाचे सोंग करता येत नाही. सगळे वाजत असताना तुम्ही गप्प राहिलात तर फार तर लीडरला कळते, पण सगळे गप्प असताना तुम्ही वाजलात तर ते सभागृहाला कळते.

मोझार्टच्या ‘आइने क्लाइने नाख्टम्युझिक’च्या (के. 525) आरंभी सगळी तंतुवाद्ये एकच ओळ आपापल्या सप्तकांत वाजवतात आणि पहिल्या काही स्वरांच्या मध्ये छोटे विराम आहेत. स्वर सोपे आहेत, हौशी माणूसही ते पहिल्या वाचनात काढतो. माझी आजवरची सर्वांत जाहीर चूक तेथेच झाली. पुढच्या पानावरच्या अवघड जागेचा सांगाडा मनात घोळवत बसलो होतो आणि पहिल्याच विरामात माझा एकट्याचा डी वाजला. त्यानंतर मी पार्टवर विरामाच्या खुणा लाल पेन्सिलने करू लागलो, आणि त्या अवघड स्वरांच्या खुणांपेक्षा मोठ्या असतात.

मोठे विराम मोजताना बार मोठ्याने पुटपुटू नयेत. बोटांच्या पेरांवर मोजावेत, जपाचे मोजतात तसे. प्रवेशाच्या आधी दुसऱ्या वाद्याचा कोणता आवाज येतो, ते पार्टवर दोन शब्दांत लिहून ठेवावे, उदाहरणार्थ “चेलो थांबले की”. प्रवेशाचा पहिला स्वर जमणार नसेल तर तो सोडून दुसऱ्या मात्रेला शिरावे, अंदाजाने आधी कधीही शिरू नये.

7. स्टँडवरचा जोडीदार आणि रांगेतील वाटणी

एका स्टँडवर दोघे बसतात आणि एकच पार्ट वापरतात, म्हणून तुमची वर्तुळे जोडीदारालाही दिसतात. खुणा करण्यापूर्वी त्याला विचारावे. पूर्ण ओळ वाजवणाऱ्याला तुमच्या वर्तुळांचा त्रास होतो. तशी तक्रार असेल तर खुणा ओळीच्या खाली, बारीक बिंदूंनी कराव्यात.

पान उलटणे हे आतल्या बाजूच्या वादकाचे काम. अवघड जागा पानाच्या शेवटी आली, तर त्याला शेवटचे दोन बार सोडायची हक्काची सवलत मिळते. म्हणून दोघांपैकी कमजोर वादकाने आतल्या बाजूला बसावे हे बरे.

लांब धावत्या ओळींची वाटणी अशी करावी. पहिल्या स्टँडने पूर्ण ओळ वाजवायची. मागच्या स्टँडवर बाहेरच्या वादकाने पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेचे चारही स्वर घ्यायचे आणि आतल्याने दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेचे. ज्याची मात्रा नसेल त्याने त्या मात्रेत सांगाड्याचा स्वर चार गजांनी धरायचा, आणि आपली मात्रा संपल्यावर पुढच्या मात्रेच्या पहिल्या स्वरावर उतरूनच थांबायचे. हा सांधा नसेल, तर ओळ तुटक तुटक ऐकू येते. चारच स्वर सलग घ्यायचे असल्यामुळे तिसऱ्या प्रतीची जागासुद्धा अनेकदा या पद्धतीने पूर्ण उभी राहते. व्यावसायिक वृंदही अतिवेगवान जागा अशा वाटून घेतात. यात लपवण्यासारखे काही नाही.

8. तालमीतली परीक्षा

सोडायच्या जागांची यादी कार्यक्रमाच्या किमान आठ दिवस आधी पक्की व्हावी आणि लीडरला दाखवावी. हे सांगायला अवघडल्यासारखे वाटते हे खरे, पण लीडरला माहीत नसेल तर तो नेमक्या त्याच जागी रांगेवर अधिक आवाजासाठी भरवसा टाकतो.

कंडक्टरने “फक्त सेकंड व्हायोलिन” असे म्हणून रांगेला वेगळे वाजवायला सांगितले, तर त्या वेळी सोंग करू नये. कोठे काय तुटते आहे हे त्याला ऐकायचे असते. तुम्ही झाकले तर तो चुकीच्या माणसाला दुरुस्त करत बसेल. “ही जागा मी अर्धी वाजवतो” एवढे सरळ वाक्य पुरते.

तपासणी : एका तालमीत मोबाइल आपल्या स्टँडपाशी आणि दुसऱ्या तालमीत सभागृहाच्या मध्यावर ठेवून ध्वनिमुद्रण करावे. जवळच्या मुद्रणात तुमचा सांगाडा ऐकू येईल, येऊ द्यावा. मध्यावरच्या मुद्रणात ओळ अखंड वाटली पाहिजे. तेथे खड्डा जाणवला, तर दोष बहुधा वाटणीत असतो, सातवा टप्पा पुन्हा करावा.

9. रंगमंचावर

कार्यक्रमात नवीन काही सोडू नये आणि सोडायचे ठरवलेले अचानक वाजवायलाही जाऊ नये. टाळ्यांच्या उत्साहात “आज जमेल” असे वाटून तिसऱ्या प्रतीची जागा पूर्ण वाजवायला निघालेले वादक मी पाहिले आहेत. दुसऱ्या मात्रेला ते मागे पडतात आणि मग सांगाडाही हातचा जातो.

वाट हरवली तर आधी आवाज काढून घ्यावा, गज चालू ठेवावा, आणि डोळे पार्टवरून उचलून लीडरच्या गजावर न्यावेत. कान बेसकडे लावावेत, कारण मात्रा तेथे सर्वांत स्पष्ट असते. पार्टवरील पुढच्या तालीम-अक्षराचा (तालमीत जागा सांगण्यासाठी छापलेल्या ए, बी अशा अक्षराचा) बार शोधून तेथे बोटे आधीच ठेवावीत आणि त्याच बारात परत शिरावे. मधला एखादा बार पकडायची धडपड करू नये. चेहरा वाकडा करणे, मान हलवणे, जोडीदाराकडे पाहून हसणे यांनी श्रोत्यांना न कळलेली चूकही कळते.

वातानुकूलित सभागृहात, विशेषतः बाहेर दमट हवा असताना, आत गेल्यावर खुंट्या सैल पडून सूर उतरतात. शक्य असेल तर वाद्य पेटीतून काढून अर्धा तास आधी आतल्या हवेत ठेवावे आणि मगच मिळवावे. बेसूर वाद्यावर सांगाड्याचे मोजके स्वरही खटकतात, कारण ते सगळे मात्रेवरच पडतात.

10. कार्यक्रमानंतर

दुसऱ्या दिवशी, आठवण ताजी असताना, कोणत्या जागा सोडल्या त्यांची बार क्रमांकांसह नोंद एका वहीत करावी. पुढील महिन्यात रोज त्यांतली एकच जागा घ्यावी आणि तिचा सांगाडा भरत न्यावा. पहिल्या आठवड्यात मात्रेतला पहिला आणि तिसरा स्वर घ्यावा, म्हणजे सा सा ग ग, रे रे म म. दुसऱ्या आठवड्यात पहिल्या मात्रेचे चारही स्वर पूर्ण घेऊन पुढच्या मात्रा सांगाड्यावर ठेवाव्यात. तिसऱ्या आठवड्यात पूर्ण मात्रांची संख्या वाढवावी. उजवा हात पहिल्या दिवसापासून खरा असल्यामुळे त्याला नव्याने काही शिकावे लागत नाही, आणि लय कमी न करता ओळ भरते. ज्यांनी सांगाड्याच्या वेळी गज थांबवलेला असतो, त्यांना मात्र सर्व काही मुळापासून करावे लागते.

पार्ट परत देण्याआधी वर्तुळे आणि बिंदू खोडरबराने पुसावेत. लीडरने ठरवलेल्या गजाच्या दिशा आणि विरामाच्या खुणा तशाच राहू द्याव्यात. पावसाळ्यात दमट झालेला कागद जोरात खोडल्यास फाटतो, म्हणून पार्ट आदल्या रात्री पंख्याखाली पसरून ठेवावा आणि सकाळी हलक्या हाताने पुसावा.